महिन्याचा शब्द

टिकारामला माणसं आवाजावरून कळत. सिहोऱ्याकडच्या पाटबंधाऱ्याच्या एका कचेरीत दहा झडपांचा टेलिफोन बोर्ड तो सांभाळे. तलावांवरच्या चौक्यांच्या तारा तिथं येऊन मिळत. चौकीदारानं हँडल फिरवलं की त्याच्या नंबराची झडप पडे, आणि नुसत्या खोकल्यावरून टिकाराम ओळखे, "बोल गा, श्रावण." घरी मात्र तो अबोल. बायको रुखमिणी म्हणायची, "आमची झडप पडली तरी तुमाले दिसत नाही."

ब्याऐंशीच्या उन्हाळी धानात कोणीतरी भंडाऱ्याच्या साहेबांचा आवाज काढून बोदलतलावाचं दार उघडायचा हुकूम दिला. टिकारामनं आवाज ओळखला, हुकूम पोचवला आणि फसला. पाणी भलत्यांच्याच शेतात, त्यांच्या धानाच्या बांध्यांत गेलं. तीन महिने तो निलंबित होता. परतला तेव्हा भिंतीवर नियम चिकटवला होता : दाराचा हुकूम देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं, दोघांनीही महिन्याचा शब्द सांगायचा, चुकला तर तार तोडायची. लक्षात राहावेत म्हणून साहेबांनी धानाच्या, म्हणजे भाताच्या, वाणांची नावं निवडली होती. चौकीदारांकडून ती पाठ करून घेतली. महिना बदलला की शब्द बदलेल, एवढंच त्यांना सांगितलं. बोर्डाशेजारी कारकून मधुकरराव दुसरा रिसीव्हर कानाला लावून बसू लागले.

पुढच्या वर्षी, दोन सप्टेंबरच्या सकाळी, तिसऱ्या दिवशीही पाऊस हटला नव्हता. साहेबांनी भंडाऱ्याहून फोन केला, 'चिन्नोर' हा शब्द दिला आणि सांगितलं, बोदलतलावाची दोन्ही दारं उघडा. टिकारामनं बोदलतलावाच्या चौकीला, तिसऱ्या नंबरावर, घंटी दिली.

"श्रावण बोलून राहिलो. पाणी पाळीवर चढून राहिलं गा. लवकर सांग."

"शब्द सांग."

"लुचई."

लुचई ऑगस्टचा शब्द. टिकारामला क्षणात उमगलं. श्रावणच्या हिशेबी महिना अमावस्येला, पोळ्याला संपतो, आणि पोळ्याला अजून पाच दिवस होते.

"पुन्हा सांग."

"लुचईच ना गा. पोळा झाला का? थट्टा करतं का माही? तुह्या लग्नात बंडी म्या हाकलली, अन् आता माहा आवाज ओळखू नाही येत तुले?"

टिकारामनं मधुकररावांकडे पाहिलं. ते भिंतीकडे पाहत होते. "नियम तुझ्यापायीच आला," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मी काय लिहू?"

टिकारामनं बोर्डातून दोरी उपसून तार तोडली. तिसरी झडप पुन्हा पडली, पुन्हा पडली. मग पडायची थांबली.

साहेबांनी जीप धाडली. चिखलातून ती पोचेपर्यंत तलावाची मातीची पाळ फुटली होती. खालच्या चाळीस एकर धानावर वाळू बसली, आणि पोळ्यासाठी घासूनपुसून ठेवलेली कोणाची तरी बैलजोडी दावणीलाच बुडाली. श्रावण हुकमाची वाट पाहत दाराच्या चक्रापाशी उभा सापडला.

चौकशी भंडाऱ्याला झाली. अधिकाऱ्यानं टिकारामला एकच विचारलं, "आवाज ओळखला होता?"

हो म्हटलं असतं तर श्रावणचा दोष निम्मा झाला असता. उरलेला टिकारामच्या अंगावर आला असता, आणि दुसऱ्या निलंबनानंतर परत येणं नव्हतं. बाहेरच्या बाकावर श्रावण टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. त्याचा खोकला आतपर्यंत ऐकू येत होता.

"तारेत खरखर होती, साहेब. ओळखू नाही आला."

मधुकररावांनी मान वर न करता जबाबाखाली साक्षीची सही केली. श्रावणची नोकरी गेली. टिकारामला नियम पाळल्याबद्दल शाबासकीचं पत्र मिळालं. ते त्यानं रुखमिणीला दाखवलं नाही.

दिवाळीनंतर आंधळगावच्या बाजारात श्रावण भेटला. आंबागडच्या जंगलात लाकूडतोडीला जात होता, खांदे उतरले होते. टिकाराम बाजूच्या गल्लीत वळणार तोच त्यानं हाक मारली.

"काहून गा, पळतं कायले? म्या काय तुले दोष देऊन राहिलो का?" श्रावणनं चुन्याची डबी पुढे केली. "गावात लोक काहीबाही बोलतेत. म्या त्यायले सांगतलं, टिकारामनं माहा आवाज ओळखला असता तर त्यानं मले तसं सोडलं नसतं. तारच खराब होती. होती ना?"

टिकारामनं चुना बोटावर घेतला. "हो," तो म्हणाला.

दुसऱ्यांदा म्हणायला ते सोपं गेलं.