आधी तिच्या आईला भेटा

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या बसेस जामच्या चौरस्त्यावर जेवणासाठी थांबतात. तिथल्या एका ढाब्यावर ती पोलिसांना सापडली. सापडली म्हणजे ती हरवलेली नव्हती, एका माणसासोबत जेवत बसली होती. वेटरने तिला काहीही विचारलं तरी उत्तर तोच देत होता. शेजारच्या टेबलावर बसलेल्या एका बाईच्या मनाला ते खटकलं आणि तिने मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला. पोलिसांची गाडी वळताना दिसली तसा तो माणूस हात धुवायला उठला आणि परत आला नाही. मुलगी मात्र तशीच बसून राहिली. ताटातली पोळी तिने संपवली होती.

तिला आमच्या वर्ध्याच्या मुलींच्या बालगृहात आणलं. मी तिथे कंत्राटावर ऑफिसचं काम करते. मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे इंग्रजी पत्रं माझ्याकडे येतात. मला बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं. फोन वाजला की मी तो दुसऱ्या कोणाला तरी उचलायला लावते. व्हिडिओ मीटिंगमध्ये मला नेहमी कोणीतरी सांगतं की तुमचा आवाज येत नाही, त्यावरून मुलींनी माझं नाव ‘म्यूट ताई’ ठेवलंय. ते मला आवडत नाही, पण मी तसं कधी सांगितलेलं नाही.

ही मुलगी नेपाळची आहे, एवढं पहिल्या दिवशी कळलं. हिंदी तिला बऱ्यापैकी यायची. वय विचारलं की पाठ केल्यासारखं ‘अठारा’ म्हणायची. डॉक्टरांनी तपासून चौदा-पंधरा सांगितलं, तेव्हा तिने वादही घातला नाही.

परदेशी मुलीला नुसतं गाडीत बसवून देता येत नाही. इथली बालकल्याण समिती, मग दूतावास, मग सीमेपलीकडची एक संस्था, अशी पत्रं फिरतात. त्या संस्थेतल्या एका बाईंशी माझा पत्रव्यवहार सुरू झाला. त्यांना मी ‘दीदी’ म्हणू लागले, कारण व्हिडिओवर त्यांच्याशी बोलल्यापासून मुलगी त्यांचा उल्लेख तसाच करायची. दीदींचं इंग्रजी माझ्यासारखंच होतं, शाळेतलं. त्यांच्या मेल छोट्या असत आणि प्रत्येक मेलमध्ये एक तरी प्रश्न असे. मुलगी झोपते का? कोणाशी बोलते? घरची आठवण काढते तेव्हा कोणाचं नाव घेते?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. आईचं.

डिसेंबरात तिचा मामा आला. धुतलेला शर्ट, वर स्वेटर, हातात मिठाईचा डबा. त्याच्याकडे त्यांच्या गावच्या कार्यालयाचं पत्र होतं आणि फोटो होते. एका फोटोत ती दोन-तीन वर्षांची, त्याच्या खांद्यावर बसलेली. तिला ऑफिसात बोलावलं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “हाँ, मामा है.” तो रडला. आमच्या अधीक्षिका बाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं.

बाई केळझरच्या, शेतकरी घरातल्या. आवाज मोठा आणि मन मऊ. त्यांनी मामाला दोनदा चहा पाजला.

तो गेल्यावर स्वयंपाकाच्या मावशी कपबशा उचलता उचलता म्हणाल्या, “एवढ्या लांबून मामा आला, पन पोरगी हासली नाई.”

“लाजली असन,” बाई म्हणाल्या.

“आपल्याले नाई लाजत. मामाले लाजते?”

“तुले तर सगळ्यातच खोट दिसते वं. कालच्या वरनात मीठ नव्हतं थे नाई दिसलं तुले.”

मावशी हसल्या आणि विषय तिथेच राहिला. समितीने कागद पाहिले, मुलीला विचारलं, तिने पुन्हा हो म्हटलं. फक्त तिकडून घरच्या चौकशीचा अहवाल आल्याशिवाय ताबा देता येत नाही, म्हणून संक्रांतीनंतरची तारीख दिली. मामाने वर्ध्यातच खोली घेतली. दर दोन-चार दिवसांनी तो संत्री घेऊन यायचा आणि बाहेरच्या बाकावर शांत बसायचा.

मी दीदींना कळवलं की मामा आले आहेत, कागद बरोबर आहेत. त्यांचं उत्तर आलं: मामा म्हणजे घर नाही. आम्ही आईला भेटेपर्यंत कृपया मुलगी कोणाला देऊ नका. त्यांच्या डोंगरातला रस्ता बर्फाने बंद होता, उशीर होणार होता.

मी ते बाईंना वाचून दाखवलं. “त्या बाईले काऊन एवढा संशय?” त्या म्हणाल्या. “सख्खा मामा हाय पोरीचा.”

मलाही तसंच वाटत होतं.

आमच्याकडे संक्रांतीला बाईंची एक पद्धत आहे. ‘या पोरींना कोण बोलावते हळदीकुंकवाले?’ असं म्हणून त्या स्वतःच दुपारी हॉलमध्ये सतरंजी टाकतात. सगळ्या मुलींना ओळीने बसवतात, प्रत्येकीच्या कपाळाला हळदीकुंकू, हातात तीळगूळ, आणि वाण म्हणून कंगवा किंवा रुमाल. मावशी आणि काही मुली बौद्ध आहेत. त्यांना कुंकवाऐवजी शेवंतीचं फूल मिळतं, हेही कित्येक वर्षांचं ठरलेलं. कोणी त्याबद्दल काही बोलत नाही.

नेपाळच्या मुलीची पाळी आली तेव्हा बाईंना वाटलं, त्यांच्याकडेही लावतातच की. त्यांनी हनुवटी धरून तिच्या कपाळावर कुंकू टेकवलं, आणि लाडाने एक बोट भांगातही फिरवलं.

मुलगी किंचाळली नाही. तिने स्वेटरची बाही ओढून कपाळ पुसायला सुरुवात केली. पुसत राहिली. कुंकू निघून गेलं तरी पुसत राहिली, कपाळ लाल झालं.  ओळीतल्या एकीने हळूच म्हटलं, “सणाच्या दिवशी कुंकू पुसते का वं कोनी?”

बाईंचा चेहरा पडला. त्यांच्या दृष्टीने त्याहून वाईट शकुन नसेल. तेवढ्यात मावशी आपलं फूल हातात घेऊन उठल्या, तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

“नको लावू,” त्या म्हणाल्या. “मी बी नाई लावत. हे घे फूल. चाल, मले गूळ फोडू लाग.”

मी तीळगुळाच्या पुड्या बांधायला स्वयंपाकघरातच बसणार होते. मुलगी मावशींच्या मागे मागे आली. बराच वेळ नुसता बत्त्याचा आवाज येत होता.  मग मुलगीच बोलली, गुळाकडे बघत.

“बस में सिंदूर लगाया था. सरहद के पुल के पहले.”

“कोणी?” मावशी म्हणाल्या. “किसने?”

“उस आदमी ने. बोला, पुलिस पूछे तो बोलना, शादी हुई है, अठारा साल की हूँ.” मग थांबून म्हणाली, “मामा ने शीशा पकड़ा था.”

मी पुडीचा दोरा तसाच हातात धरून बसले.

मावशींनी गुळाचा एक खडा तिच्या हातावर ठेवला. “मग इथं हो काऊन म्हणतेस बाई?”

तिने जे सांगितलं ते असं. तिचे वडील नाहीत. ती आणि आई मामाच्याच घरात राहतात. त्याने घराबाहेर काढलं तर आईला जायला जागा नाही. इथे तिने तोंड उघडलं की तो तिकडे फोन करणार. म्हणून ती हो म्हणत होती, आणि पुढच्या तारखेलाही हो म्हणणार होती. “किसी को मत बोलना,” असं ती मावशींना म्हणाली, मग माझ्याकडे वळून मलाही.

गोष्ट मनात ठेवणं मला जमतं, लहानपणापासून. पण ही ठेवली असती तर संक्रांतीनंतर ती त्या माणसाबरोबर गेली असती. आणि न विचारता सांगितली असती, तर आणखी एकाने तिच्यावतीने उत्तर दिल्यासारखं झालं असतं. मी तिला म्हटलं, “मी दीदींना सांगू का? त्या आधी आईला भेटतील. मामाला कळायच्या आत.” माझी हिंदी मोडकीतोडकी, मला वाक्य दोनदा म्हणावं लागलं.

तिने विचारलं, “माँ का क्या होगा?”

“ते मला माहीत नाही. तेच त्यांना विचारते.”

तिने होकारार्थी मान हलवली. मग बाईंनाही सांगायची तिने परवानगी दिली, कारण बाईंवाचून काहीच हलणार नव्हतं.

बाई ऐकून खुर्चीत बसल्या. “माह्याच हातानं लावलं तिले,” एवढंच म्हणाल्या. डोळे पुसून झाल्यावर म्हणाल्या, “लिही. काय लिहायचं थे लिही. समितीच्या मॅडमले मी स्वतः जाऊन भेटते, फोनवर नाई बोलत.”

दीदींचं उत्तर तासाभरात आलं. त्यांनी लिहिलं होतं की त्या मामाच्या घरी अजिबात जाणार नाहीत. त्यांची कामाची रीतच तशी आहे: पाहुणा घरी आला की घरातला पुरुष बोलतो आणि बाई चहा करते. आई आठवडी बाजाराला भाजी घेऊन खाली उतरते, तिथे गाठायचं. पण त्याआधी आईला राहायला जागा शोधायची. जागा नक्की नसताना प्रश्न विचारणं म्हणजे तिला संकटात टाकणं. तोपर्यंत मामाला काही कळता कामा नये. त्याला चहा देत राहा.

समितीने तारीख पुढे ढकलली. कारण सांगितलं की अहवाल यायचाय, जे खरंच होतं. पण अधीक्षिका बाईंना नाटक जमत नाही. मामा संत्री घेऊन आला की त्या फाइलमध्ये डोकं घालत. एकदा त्याने ‘कैसी हैं मॅडम’ विचारलं तर त्यांनी ‘हो’ म्हटलं. शेवटी मावशीच पुढे झाल्या. चहात साखर इतकी घालत की तो दोन घोटांत थांबायचा.

“पी ना भाऊ, गार होऊन राह्यला,” मावशी शांतपणे म्हणत.

“इतनी शक्कर?”

“पाहुण्याले फिका देतो का आमी?”

मुलगी त्या दिवसांत खाली येत नसे. परीक्षा आहे, ताप आहे, काहीतरी सांगायचो. ती वरच्या खिडकीतून त्याचा टक्कल पडलेला माथा बघत बसायची. मी तिच्याजवळ बसायचे. आम्ही दोघी काही बोलायचो नाही, आणि मला ते बरं वाटायचं. तिला काय वाटायचं ते तिने सांगितलं नाही.

मग एका दुपारी दीदींची मेल आली. रस्ता उघडला होता. कापडाच्या दुकानामागे आई भेटली. मुलगी शहरात शिवणकाम शिकते आहे, असं भावाने तिला सांगितलं होतं. पैसे येतील म्हणाला होता. दीदींनी तिला खरं काय ते सांगितलं. मग ती न विकलेला मुळा टोपलीत तसाच ठेवून दीदींबरोबर निघाली. घरी परत गेली नाही. सीमेजवळच्या गावात मुलींचं एक वसतिगृह आहे, तिथल्या स्वयंपाकघरात तिला काम आणि एक खोली मिळाली. आता मुलीला विचारा, असं शेवटी लिहिलं होतं.

मुलीने समितीसमोर सगळं सांगितलं. माझ्या शेजारी बसून, सावकाश, आणि या वेळी कोणी तिच्यासाठी उत्तर दिलं नाही. तिचा जबाब दोन्ही देशांच्या पोलिसांकडे गेला. पुढच्या वेळी मामा संत्री घेऊन आला तेव्हा बाईंच्या खोलीत साध्या कपड्यांतले पोलीस चहा पीत बसले होते. तो दारातच थांबला. फार आवाज न होता ते त्याला घेऊन गेले. तो सख्खा मामा होता, फोटोही खरे होते, हे बाई पुढे बरेच दिवस स्वतःशीच म्हणत राहिल्या.

त्या संध्याकाळी आईशी व्हिडिओ कॉल लावला.  मुलगी दिसताच आई एकदम भरभर बोलू लागली.

“काय म्हणून राह्यली?” मावशींनी विचारलं.

“बाल क्यों काटे, पूछ रही है,” मुलगी म्हणाली.

“सांग तिले, उवा झालत्या.”

मुलीने सांगितलं की नाही कोण जाणे. पण ती हसली, आणि तोंडावर हात ठेवून हसतच राहिली.

ऊन तापायला लागलं तेव्हा तिला पोहोचवायचा आदेश आला. सोबत महिला पोलीस हवी आणि बालगृहाची एक बाई. बाईंनी माझं नाव दिलं. मी नाही म्हणणार होते, पण मुलगी दारात उभी होती.

गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे बस. सीमेवर मी समजत होते तसं काहीच नव्हतं, रिक्षा, सायकली, सामान वाहणारी माणसं, इकडून तिकडे सगळे चालतच जात होते. कोणाच्याही हाताला धरून एखादं मूल इथून निघून जाऊ शकतं, हे मला तिथे उभं राहून कळलं. दीदी स्क्रीनवर दिसायच्या त्याहून खूप बुटक्या निघाल्या. आम्ही दोघी लाजलो. त्यांनी माझा हात धरला आणि लगेच सह्यांसाठी कागद पुढे केले.

आई त्यांच्या मागे उभी होती. दोघी धावल्या नाहीत. आईने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला, मग दंडावर, मग मनगटावर, जणू काही मोडलंय का ते तपासत होती. मावशींनी भरून दिलेली पिशवी जड होती. जवसाची चटणी, शेंगदाणे, दोन ड्रेस. आईने ती पिशवी हातातून घेतली. मुलीने परत ओढली. आईने काहीतरी रागावून म्हटलं, मुलीनेही तसंच उत्तर दिलं.

“काय म्हणतायत?” मी दीदींना विचारलं.

“आई म्हणते, तू दमलीयस, मला दे. ती म्हणते, तू म्हातारी झालीयस, मी घेते.” दीदी कागदांची घडी घालत होत्या. “तुमच्या कोर्टात तिची साक्ष व्हायची आहे अजून, ती इथून व्हिडिओवर देईल. तुमच्याकडून व्हिडिओवर तुम्हीच बसा. तिला तुमची सवय आहे.”

मी हो म्हटलं. पुढे त्या दोघी एकेक बंद धरून, पिशवी मधे लोंबकळत, भांडत चालल्या होत्या. रस्त्याच्या वळणावर त्यांनी एक रिक्षा थांबवली आणि आधी कोणी बसायचं यावरून पुन्हा सुरू झाल्या.