टेकाडावरची माती

नॉटिंगहॅमबाहेर, आमच्या गावाच्या शिवेवर, एक गोल टेकाड आहे. मध्ययुगात कुणीतरी माती रचून केलेलं, एवढंच नक्की. कशासाठी, यावर गावच्या इतिहास मंडळात वाद चालायचे. कुणी म्हणे पवनचक्कीचा चौथरा, कुणी म्हणे सशांची पैदास करायची जागा. सशांसाठी कोण एवढी माती वाहील? मी ठणकावून सांगायचे, किल्ला! वरून अख्खी वाट दिसते, पहाऱ्याला याहून चांगली जागा कुठली? तिथे माहितीफलक लागणार होता आणि त्यावर 'किल्ला' हाच शब्द यावा म्हणून मी हट्टाला पेटले होते.

गेल्या दिवाळीला बाबा पुण्याहून आले. जन्मभर गड चढलेला माणूस. टेकाडावर उभं राहून त्यांनी चौफेर पाहिलं आणि म्हणाले, "तुझंच खरं. बुरुजाची जागा आहे ही." मी हवेत!

दुसऱ्या दिवशी कामावरून आले, तर मागच्या गार्डनमध्ये दिवाळीचा किल्ला उभा. तटबंदी, पायऱ्या, पुण्याहून कागदात गुंडाळून आणलेले मावळे.

"माती कुठून आणलीत, बाबा?"

"तुझ्या गडावरून. सशांनी उकरून ठेवली होती, भरली पिशवीत. किल्ल्याला किल्ल्याचीच माती हवी ना!"

"बाबा, ती साइट प्रोटेक्टेड आहे हो! तिथलं ढेकूळही हलवायचं नसतं!"

बोलताबोलता किल्ल्याच्या दरवाजाच्या कमानीकडे लक्ष गेलं. चिखलाने माखलेला दगड समजून बाबांनी तिथे काहीतरी वाकडं बसवलं होतं. दुपारच्या पावसाने ते धुऊन निघालं होतं. मी वाकून पाहिलं. त्याला दात होते.

मी किंचाळले. बाबा तर पांढरेफटक पडले.

माणसाचं हाड सापडलं की पोलिसांना कळवावंच लागतं. आता बाबांना धरून नेतात की काय, या भीतीतच मी फोन केला. पण पोलिसांनी समज देऊन सोडलं. त्यांच्याबरोबर कौन्सिलच्या पुरातत्त्व खात्यातल्या एक बाई आल्या होत्या. हाड कित्येक शतकांपूर्वीचं आहे, असं त्या म्हणाल्या. टेकाडावर बहुधा फाशी देत असावेत, खात्री उत्खननानंतरच. फाशी दिलेल्यांना चर्चच्या आवारात जागा नसायची, तिथेच पुरायचे.

"पण वरून वाट दिसते," मी हेका सोडेना.

"वाटेवरून टेकाड दिसतं," त्या शांतपणे म्हणाल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला दहशत बसावी म्हणून.

इतकी वर्षं मी तिथे उभी राहून पहारेकरी कल्पिले होते.

मग बाईंनी जबडा उजेडात धरला आणि आत अडकलेला, न उगवलेला दात दाखवला. मूल होतं. नऊ-दहा वर्षांचं.

बाबांना त्यांचं भरभर इंग्रजी झेपत नव्हतं. "काय म्हणतायत?" त्यांनी विचारलं. मला सांगवेना, पण सांगितलं.

बाबा ओल्या गवतावरच बसले. "पोर? एवढ्याशा पोराने काय केलं असेल गं?"

बाईंनाही ते माहीत नव्हतं. त्या जबडा प्लास्टिकच्या पिशवीत घालू लागल्या, तसे बाबा धडपडत उठले.

"त्यांना सांग," ते म्हणाले, "पोराला जरा हळू धरा म्हणावं."