मामंजींनी सांगितलेला रंग

माझ्या सासूबाईंचे डोळे बिघडलेत हे आम्हाला पत्त्यांमुळे कळलं. लग्न होऊन मी डोंबिवलीहून ठाण्याला आले त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं असेल. दुपारची जेवणं आटोपली की ओटीवर शेजारणी जमायच्या आणि मेंढीकोट रंगायचा. सासूबाई पक्क्या खेळाडू. कोणाच्या हातात काय उरलंय हे त्यांना तोंडपाठ असायचं. त्याच सासूबाईंनी एकदा बदाम म्हणून चौकट टाकली, आणि दोन दिवसांनी पुन्हा तसंच केलं. त्यांची भिडू खाडीकडच्या आळीतली ख्रिश्चन बाई होती. ती हसून म्हणाली, "काय गो बाय, लक्ष कुठं हाय तुजं?"

सासूबाई हसल्या नाहीत. पान डोळ्यांजवळ नेत म्हणाल्या, "लक्ष इथेच आहे. पानावरच मध्ये धुरकट डाग दिसतोय."

मधुमेह त्यांना मी घरात येण्याआधीपासून होता. इन्सुलिनचं इंजेक्शन मामंजी, म्हणजे माझे सासरे, रोज सकाळी द्यायचे. काचेची सिरिंज उकळण्यापासून सगळं त्यांच्याकडे. लघवी मात्र सासूबाई स्वतःच तपासायच्या. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटेसारखं तांबडं झालं तर फारच.

चष्मेवाल्याने नंबर बदलून दिला, पण फरक पडेना. शेवटी मुंबईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, अंधाऱ्या खोलीत बसवून बराच वेळ आत पाहिलं.

"आतल्या पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके आहेत," ते म्हणाले. "साखरेमुळे. चष्म्याने हे जायचं नाही."

"मग औषध?" मामंजींनी विचारलं.

"गेलेलं परत आणेल असं औषध आज तरी माझ्याजवळ नाही. उरलंय ते सांभाळायचं. साखर ताब्यात ठेवा, जड उचलू नका, आणि बरं दिसतंय म्हणून दाखवायला यायचं टाळू नका."

तोवर सासूबाईंना नळीतला निळा कुठला आणि हिरवा कुठला तेही ओळखू येईना. म्हणून तपासायचं कामही मामंजींनी घेतलं.

मामंजी कचेरीत हेडक्लार्क. हाताखालची माणसं त्यांना वचकून असत म्हणे, पण बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं की त्यांचे हातपाय गळत. सकाळी मागच्या पडवीत ते नळी उकळायचे आणि सासूबाई आतून विचारायच्या, "अहो, काय आलं?"

"हिरवा. तोही किंचित."

मग सासूबाईंचा चेहरा सैल व्हायचा. जेवताना त्या चार घास भात जास्त घ्यायच्या, उन्हाळ्यात आंब्याची एखादी फोड. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी विचारलं तर मामंजी त्यांनाही हिरवाच सांगायचे, त्यामुळे औषधाचा डोस आहे तोच राहिला.

दिवाळी होऊन गेली होती. एका सकाळी सासूबाई केस विंचरत होत्या आणि डोळ्यांसमोरून सारखं काहीतरी बाजूला सारत होत्या. मला म्हणाल्या, "बघ गं, केस आलाय वाटतं पुढे." पुढे काहीच नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्यांचा डावा डोळा काळ्या जाळ्याने भरून गेला. आत रक्त उतरलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती सकाळ आली.

"अहो, काय आलं?"

"हिरवा."

सासूबाई उठून भिंत चाचपत पडवीत आल्या. "जीभ टाळूला चिकटते माझी. घागरभर पाणी पिते, तरी तहान भागत नाही. आणि रोज हिरवा?"

"अगं, हिरवाच आहे."

"सूनबाई, इकडे ये. उजेडात धर आणि तू सांग."

मी ओल्या हातांनी तशीच गेले. मामंजी नळी सोडेनात, मीच ती हळूच घेतली. आत विटेचा रंग होता. तोवर मी मामंजींसमोर कधी वर मान करून बोलले नव्हते, त्यांचा शब्द खोडणं तर दूरच. त्यांच्याकडे पाहिलं तर ते रागावलेले नव्हते. बोलू नकोस, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मग मी सासूबाईंच्या डाव्या डोळ्याकडे पाहिलं.

"तांबडा आहे, आई."

"किती दिवस चाललंय हे?" सासूबाईंनी विचारलं.

मामंजी पायरीवर बसले. "मागे तांबडा आला तेव्हा तू दिवसभर जेवली नाहीस. रडत बसलीस. म्हटलं, एक दिवस हिरवा सांगू. मग दुसऱ्या दिवशी एकदम तांबडा कसा सांगणार?"

"मी रडेन, उपाशी राहीन, तुमच्यावर चिडेन. ते माझं मी बघेन. पण मला जे दिसत नाही ते तरी मला खरं सांगा!"

कितीतरी दिवस त्या मामंजींशी बोलल्या नाहीत. इंजेक्शनच्या वेळी भिंतीकडे तोंड करून दंड पुढे करायच्या. मामंजी मुकाट्याने सुई टोचायचे. दरम्यान ते स्वतःच डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगून आले आणि डोस वाढला. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मीही सोबत होते. मामंजींनी चाचरत विचारलं, "डोळा माझ्यामुळे गेला का?"

"इतक्या वर्षांचा आजार आहे," डॉक्टर म्हणाले. "कशामुळे काय झालं ते मला सांगता यायचं नाही. पण पुढचं तुमच्या हातात आहे."

मामंजींनी तिथेच उपरण्याने डोळे पुसले. सासूबाईंनी त्यांच्या दंडाला धरलं आणि म्हणाल्या, "चला आता. जिना दाखवा मला."

मला वाटलं होतं, आता नळी माझ्याकडे येणार. सासूबाई म्हणाल्या, "नाही. तेच तपासतील." आणि मामंजी तपासत राहिले. रंग आता ते पडवीतून एवढ्या मोठ्याने सांगायचे की शेजारणींनाही कळायचा. तांबडा आला की सासूबाई कपाळावर हात मारायच्या, मग उठून कामाला लागायच्या. हळूहळू तांबडे दिवस कमी झाले.

डाव्या डोळ्याने त्यांना पुढे नुसता उजेड कळायचा. उजवा मात्र टिकला. डाग होतेच, तांदूळ निवडणं गेलं, छापील अक्षर गेलं, पण माणसं ओळखू येत आणि घरात कोणाचा हात धरावा लागत नसे.

पुढे त्यांना एक सवयच लागली. कोणाला साखर आहे असं नुसतं कानावर आलं की विचारायच्या, "डोळे दाखवलेस का?" कळव्याहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईलाही त्यांनी असंच धरलं. ती म्हणाली, "मला चांगलं दिसतंय की, आई."

"मलाही दिसत होतं गं. म्हणून तर उशीर झाला."

पुढच्या खेपेला तिला बरोबर घेऊनच त्या मुंबईला गेल्या. तिचे डोळे अजून स्वच्छ होते. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा तिच्यापेक्षा सासूबाईच जास्त खूश झाल्या, आणि घरी येईपर्यंत काय खायचं नाही ते तिला बजावत राहिल्या.