उजवीकडून पहिली चौकट

टाळ्या वाजत होत्या आणि माझं बोट स्टिकरवरच्या पहिल्या चौकटीवर अडकलं होतं.

आमच्या कंपनीत पंप बनतात. पंपांची माहितीपत्रकं आणि स्टिकर तपासून सही करणं हे माझं काम. मस्कतला जाणारे अठ्ठेचाळीस पंप तयार होते. दुपारी तीनला तिकडचे इन्स्पेक्टर येणार होते. ते पास म्हणाले तरच माल निघणार. योगायोगाने त्या दिवशी अरबी भाषा दिन होता. देशपांडे साहेबांनी खजूर आणि बाकरवडी मागवून कार्यक्रमच ठेवला.

अरबी शिकणारा कंपनीत मी एकटाच. बिबवेवाडीच्या शेख मॅडमकडे माझे नऊ रविवार झाले होते. अक्षरं अठ्ठावीस. त्यातली बावीस जागेनुसार चार रूपं घेतात, सहा दोनच. एकूण शंभर. हा हिशोब मी मॅडमना अभिमानाने दाखवला होता. त्या म्हणाल्या, "छान. आता त्यातलं एक लिहून दाखवा."

त्या प्रमुख पाहुण्या म्हणून समोरच बसल्या होत्या. साहेब म्हणाले, "आता आपले जोशी पंपावरचा स्टिकर वाचून दाखवतील!"

अरबी उजवीकडून वाचतात. मी उजव्या टोकाला बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जोडत वाचलं, "तश्गील." म्हणजे सुरू करणे. टाळ्या पडल्या. मॅडमनी टाळी वाजवली नाही.

"अहो जोशी, उच्चार ठीक. पण हा पंप आधी सुरू करायचा आणि मग त्यात पाणी भरायचं?"

स्टिकरवर चार चित्रं होती : तेल बघा, व्हॉल्व्ह उघडा, पाणी भरा, सुरू करा. इंग्रजी स्टिकरवरचा डावीकडून उजवीकडे जाणारा क्रम तसाच ठेवून खाली अरबी ओळी बसवल्या होत्या. क्लासला जाण्याआधी, सहा महिन्यांपूर्वी, मी भाषांतरकाराच्या यादीवरून प्रत्येक ओळ तिच्या चित्राशी ताडून पाहिली होती. चारपैकी चार बरोबर. चौकटींचा क्रम तपासायचा हे सुचलंच नाही. पंप कोरडा फिरला तर आतलं सील जळतं, आणि आम्ही तर तशी सचित्र सूचनाच दिली होती.

मॅडम सोडून कुणाला काही कळलं नव्हतं. मी माइकवरच म्हणालो, "साहेब, स्टिकर चुकलाय. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस."

"तपासला कुणी होता?"

"सही माझी आहे."

"मग टाळ्या कसल्या घेताय?"

साडेअकरा वाजले होते. स्टिकर आमच्याच प्रिंटरवर निघतात, चौकटी उलट क्रमाने लावलेले नवे तासाभरात आले असते. प्रश्न जुने काढण्याचा. एकाला गरम हवेने सहा मिनिटं. अठ्ठेचाळीस सक दोनशे अठ्ठ्याऐंशी. हॉलमध्ये पंचवीस माणसं होती, पण गरम हवेच्या गन चारच. म्हणजे बहात्तर मिनिटं. मी हे कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीमागे मांडून साहेबांना दाखवलं.

"आकडे नंतर. आधी खरवडा," साहेब म्हणाले.

भाषा दिन शॉपफ्लोअरवर साजरा झाला. अकाउंट्सच्या बायका स्टिकर सोलत होत्या. शेख मॅडम खुर्ची टाकून प्रत्येक नवा स्टिकर उजवीकडून वाचत होत्या आणि चिकटवणाऱ्याला म्हणत होत्या, "सरळ लावा. तिकडेही डोळे सरळच असतात." पावणेतीनला शेवटचा लागला, पंपाचं अंग गरम असतानाच.

इन्स्पेक्टर ओमानी होते. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. नेमक्या त्याच पंपाच्या उजव्या चौकटीवर बोट ठेवलं, तेल बघितलं. व्हॉल्व्ह उघडला, पाणी भरलं, बटण दाबलं. पंप चालला. मग स्टिकरवर हात फिरवून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "हा अजून गरम कसा?"

साहेब म्हणाले, "खास आपल्यासाठी, ताजा."

माल गेला. माझ्या चेकलिस्टमध्ये बावीस मुद्दे होते, आता तेवीस आहेत. तेविसावा असा : सगळ्या चौकटी बरोबर असल्या तरी, वाचणारा जिथून सुरुवात करेल तिथून एकदा पंप चालवून बघा.