गोलूतली तरंगती बाहुली

नवरात्रात चेन्नईच्या मैलापूरला घरोघरी गोलू असतो, म्हणजे पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या. बघायला आलेल्या बाईला गाण्याचा आग्रह होतो, आणि इथल्या बायका खरंच सुरेल गातात. मी लग्न होऊन पुण्याहून आलेली, गाण्याच्या नावानं शून्य. त्या वर्षी माझ्या शिकवणीतल्या नववीच्या मुलीकडे गेले होते. घर तंजावरी मराठी. तिची आई सगळ्यांदेखत म्हणाली, "मिस, एक पाट म्हणा की!" पाट म्हणजे गाणं. विषय बदलायचा म्हणून मी मुलीकडे वळले.

तिनं खालच्या पायरीवर एक गंमत मांडली होती. उभ्या पेन्सिलीत दोन वाटोळे चुंबक ओवलेले, सारखे ध्रुव समोरासमोर. वरचा चुंबक अधांतरी, त्यावर कागदाची बाहुली. मी विचारलं, "आता बाहुलीचं वजन पायरीवर पडतं का गं?"

"पडतें, मिस. वरचा चुंबक खालच्याला तितकेंच दाबतो ना. काट्यावर ठेवून पाहिलें मी. वजन कमी होत नाही."

"तरंगणाऱ्या वस्तूचं वजन पायरीवर कसं पडेल? तुमचा काटा बिघडलाय," मी ठसक्यात म्हणाले. बायका हसल्या. गाणं टळलं म्हणून मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरी जाताना देवळाच्या तळ्यापाशी पोचले आणि चूक लक्षात आली. गतीचा तिसरा नियम! बलाला तितकंच उलट बल. आदल्याच आठवड्यात मी तिच्याकडून तो घोकून घेतला होता. तिला तो कळला होता, मी नुसता शिकवला होता. परत फिरले असते तर पाच मिनिटांचं काम होतं. पण त्या बायकांपुढे जायला लाज वाटली. उद्या सांगू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी थेट पुढचा धडा काढला. पुढे ती प्रश्नच विचारेनाशी झाली. पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी लिहायची आणि भरपूर मार्क मिळवायची. अकरावीला तिनं कॉमर्स घेतलं. आजकाल बऱ्याच जणी घेतात, अशी मी मनाची समजूत घातली. ती समजूत काही पटली नाही.

गेल्या महिन्यात ती रेल्वे स्टेशनवर भेटली. आता एका ऑडिटरकडे काम करते. माझ्या पाया पडली आणि सोबतच्या मैत्रिणीला कौतुकानं म्हणाली, "ह्याच माझ्या फिजिक्सच्या मिस. मला तें डोकें नाही, हें ह्यांच्यामुळें वेळेवर कळलें. नाहीतर इंजिनिअरिंगला जाऊन फसले असते."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तुझंच बरोबर होतं, एवढे तीन शब्द. ते तोंडाशी आले होते.

"ऑडिटचं काम छान असतं," मी म्हणाले.