किनाऱ्यावरचं एक गाव

सकाळी चहा घेऊन गेले, तर जेवणाच्या टेबलावर आयर्लंडचा नकाशा पसरला होता आणि यांचं बोट पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावावर थांबलं होतं. निवृत्तीनंतरची आमची ही पहिलीच मोठी सहल. मला तिथली हिरवी कुरणं बघायची आहेत, दगडी बांध आणि मेंढ्या.

"या गावात काय आहे?" मी विचारलं.

"संध्याकाळी कामं आटोपली की लोक पबमध्ये जमून व्हायोलिन वाजवतात. कुणीही जाऊन बसावं." मग मान वर न करताच म्हणाले, "दोन दिवस राहू या का?"

लग्नानंतरची पहिली काही वर्षं हेही वाजवायचे. पुढे बदल्या झाल्या, मुलींच्या शाळा आल्या. वाजवणं नेमकं कधी थांबलं, ते मला आठवेना. इतकी वर्षं एका घरात राहूनही माणसाची एखादी ओढ आपल्याला परक्या देशाच्या नकाशावर सापडते.

"आठवडाभर राहू," मी म्हटलं.

दुपारी ते व्हायोलिनची पेटी काढायला माळ्यावर चढले आणि मी खाली शिडी घट्ट धरून उभी राहिले.