डोमाजीने सांधलेली मशीन

आदिलाबादच्या एका सरकारी कचेरीच्या पुढच्या फाटकात डोमाजी अकरा वर्षं उभा होता. आलेल्या-गेलेल्याच्या अंगावरून हातातलं मेटल डिटेक्टर फिरवायचं, एवढंच त्याचं काम. पण तो ते असं करी, की बघणाऱ्याला वाटावं, हा देवीला ओवाळतोय. एखाद्या म्हातारीच्या कमरेची चुन्याची डबी वाजली की म्हणायचा, "आजी, तोफ भायेर ठेवा, मंग साहेबाले भेटा." म्हातारी हसायची, शिव्या द्यायची, आणि डबी त्याच्याच हातात देऊन आत जायची. माणूस ठेक्यावरचा, पण तोरा असा की कचेरी याच्याच जिवावर उभी.

२०१६ साली दसऱ्याला जिल्ह्याचे चार वाटे पडायचे ठरले. कचेरीत खुर्च्या, पंखे, कपाटं मोजणं सुरू झालं. नेमक्या त्याच दिवसांत, एका सोमवारी, प्रजावाणीला, म्हणजे लोकांची गाऱ्हाणी ऐकायच्या दिवशी, अर्ज घेऊन आलेल्या गर्दीचा रेटा आला आणि डोमाजीच्या हातातली मशीन पायरीवर आपटली. मूठ मानेपासून तुटली. बॅटरीचं झाकण कोणाच्या तरी चपलेखाली चुरडलं. आतलं यंत्र ठणठणीत होतं. मोडलं ते सगळं प्लास्टिक.

यादी करणाऱ्या केशवराव कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "डोमाजी, हे भंगारात लिहितो मी."

"काऊन जी? आवाज तं करते ते!"

"आवाज तं तुमीबी करता. पन कोनी धरन कुठी? अन आयका, पुढच्या गेटले मशीन नाई, तं मानूसबी नाई. ठेकेदार तुमाले नुसते हात जोडाले ठेवन का? दसऱ्याच्या आधी दुरुस्त करून आना, चांगल्यात लिहितो."

बावन्नाव्या वर्षी दुसरं फाटक कोण देतं? डोमाजीने मशीन घरी आणली.

घरची बादली, घमेलं, सुपाचा काठ, सगळं तो एकाच पद्धतीने सांधायचा: तापवलेल्या पात्याने प्लास्टिक वितळवायचं आणि आत स्टेपलरच्या पिना दाबून बसवायच्या. तीच विद्या त्याने इथे लावली. मूठ दगडासारखी घट्ट झाली. त्याने बटण दाबलं आणि मशीन जी बोंबलायला लागली, ती थांबेचना. भिंतीजवळ नेली तरी बोंब, आभाळाकडे धरली तरी बोंब. अख्ख्या कचेरीत स्वतःचा गुन्हा स्वतःच कबूल करणारी ती एकटीच.

"पोटात लोखंड भरलं तिच्या, आता वरडन नाई तं काय करन?" रेणुकाबाई चुलीपासून म्हणाली. अकरा वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या खिशातलं लोखंड शोधलं, त्याला हे बायकोने सांगावं लागलं.

एकेक पिन उपटून काढण्यात दोन दिवस गेले. मग त्याने मोडक्या टीव्हीच्या पाठीचं काळं प्लास्टिक आणलं, त्याचा भुगा केला आणि बांगड्यांच्या दुकानातून नखांचा रंग पुसायचं औषध आणून त्यात विरघळवला.

"या वयात नखं रंगवून राह्यले का जी?" रेणुकाबाईने विचारलं.

"नोकरी रंगवून राह्यलो."

आधाराला पिनांऐवजी बांबूच्या बारीक कामट्या घातल्या, त्यावर तो काळा लगदा भरला. झाकण टीव्हीच्याच पाठीतून कापलं, त्याची खाच कानशीने सात वेळा घासली. आठव्या वेळी ते 'टक्' करून बसलं. डोमाजीने ते वीसदा काढून वीसदा लावलं. केशवरावांनी 'सुस्थितीत' लिहिलं, आणि त्या दिवशी डोमाजी दोन भाकरी जास्त जेवला.

वाटपाच्या दिवशी आसिफाबादच्या नव्या कचेरीचे साहेब आले. मशिनी दोनच होत्या, त्यातली एक आसिफाबादला जायची होती: एक डोमाजीची, दुसरी मागच्या फाटकावरच्या यशवंतरावांची, गेल्याच वर्षीची, कोरी करकरीत. केशवराव म्हणाले, "घरच्या वाटनीची रीत हाये साहेब. थोरल्यानं वाटे पाडाचे, धाकट्यानं आधी उचलाचं. नवा जिल्हा धाकटा. तुमी उचला."

यशवंतरावांच्या मशिनीने साहेबांच्या किल्ल्यांवर मरतुकड्या मांजरीसारखं 'म्यँ' केलं आणि ती गप्प झाली. मग डोमाजीची पाळी. गुमान उभं राहायचं की नाही? पण अकरा वर्षांत कोणा साहेबाने त्याच्याकडे पुरतं पाहिलं नव्हतं, आज एक पाहत होता.

"साहेब, फाईलमे सुई छुपाव," डोमाजी म्हणाला.

साहेबांनी सुई लपवली. मशीन खणखणीत वाजली. डोमाजीने मूठ टेबलावर दणदण आपटून दाखवली, झाकण उघडून 'टक्' करून लावलं, कामट्यांची हकीकतही सांगितली.

"वा! यही दे दो," साहेब म्हणाले.

डोमाजीला समजायला जरा वेळ लागला. "मंग... मीबी जाऊ का तिकडं?"

"तिकडचा ठेकेदार तिकडचाच मानूस ठेवन," केशवराव मान वर न करता म्हणाले. "इथं आता एकच मशीन, ज्याची त्यानंच धराची. मागचं गेट बंद करतो, यशवंतराव पुढं उभे राह्यतीन. तुमी दुरुस्त नसती केली, तं साहेबानं हे उचललीबी नसती."

बाहेर यशवंतराव आपल्या मशिनीतली बॅटरी बदलत होते. नवी घालताच ती ठणठणीत वाजली.

"यशवंतराव, तुमची तं मरून राह्यली होती!"

"डोमाजी भाऊ, वाटनीच्या दिवशी दुभती म्हैस कोनी समोर बांधते का? चार भावांतला हाओ मी." ते हसले नाहीत. उलट डोमाजीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि डोमाजीला तेच जास्त लागलं.

खुर्च्या भरलेल्या गाडीत कोणीतरी मशीन वरून फेकली. गाडी सुरू झाली तसा डोमाजी धावला. "थांबा, थांबा!" गाडी थांबताच चाकावर पाय देऊन तो वर चढला, खुर्च्यांच्या पायांमधून मशीन काढली, खांद्यावरचा दुपट्टा तिच्या मुठीला चार वेढे देऊन बांधला आणि ती गादीच्या खुर्चीवर नीट निजवली.

तो उघड्या खांद्याने घरी आला. रेणुकाबाईने सगळं ऐकून घेतलं.

"अन दुपट्टा काऊन देला?" तिने विचारलं.

"तिकडचा रस्ता लय खराब हाये," डोमाजी म्हणाला. "सांधा नवा हाये अजून."